अंदमानला जाणाऱ्यांनी आधी नौकेचे तिकीट पाहावे

ज्या गृहस्थाने आमची अंदमानची सहल ठरविली, त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण प्रकरण आता ग्राहक आयोगाकडे रीतसर दाखल झाले आहे आणि त्याचा निवाडा व्हावयाचा तो तेथेच व्हावा. परंतु जे घडले ते जसेच्या तसे सांगणे मला प्राप्त आहे, विशेषतः ‘बासरच्या त्या मंडळींचा स्वभावच कटकटीचा’ असे तो चारचौघांत बोलत असल्याचे कानावर आल्यापासून.

पैसे भरतेवेळी मी पावती मागितली होती. रक्कम पुरी भरली, नुसता इसार नव्हे. आणि हाती पडला तो एक रंगीत छापील कागद, ज्यावर राधानगरच्या किनाऱ्याचे चित्र, दिवसवार कार्यक्रम आणि तळाशी ‘सर्व समाविष्ट’ एवढे दोन शब्द. नौकेची तिकिटे कोठे आहेत, असे विचारले तेव्हा “काका, ती तिथं गेल्यावर मिळतात, तुम्ही बिनघोर राहा,” हे उत्तर मिळाले. यात्रेकरूशी व्यवहार कसा करावा, हे बासरच्या माणसाला कोणी शिकवावयास नको. लेकराचा अक्षराभ्यास करावयास ज्ञानसरस्वतीच्या देवळात येणाऱ्या गरिबातल्या गरीब आईबापाच्या हातीही खिडकीवरून आधी तिकीट पडते, आणि मगच तो आत जातो. मग हजारो रुपये मोजून समुद्रापलीकडे जाणाऱ्याला ते का मिळू नये?

अंदमानची गोष्ट अशी आहे की तेथे सर्व काही नौकेवर अवलंबून असते. विमान उतरते ते पोर्ट ब्लेअरला, ज्याचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. ज्या शुभ्र वाळूसाठी लोक जातात ती मात्र हॅवलॉक, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, आणि मध्ये उघडा समुद्र. सरकारी नौकांत जागा मोजक्या, खासगी नौका वेगवान पण महाग, आणि दोहोंच्याही तिकिटावर प्रवाशाचे नाव असते, जे धक्क्यावर ओळखपत्राशी ताडून पाहिले जाते. म्हणजे ज्याच्या नावाचे तिकीट नाही, त्याच्यासाठी पुढचे हॉटेल, मोटार, जेवण हे सर्व केवळ कागदावर राहते.

त्या सकाळी धक्क्यावर आम्ही सामानासह वेळेच्या आधी उभे होतो. खिडकीवरच्या कारकुनाने यादीवरून बोट खालपर्यंत नेले, पुन्हा वर आणले, आणि मग काही न बोलता यादीच माझ्याकडे फिरविली, की तुम्हीच पाहा. तीत आमच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. वडील बॅगेवर बसून आधारकार्ड हातात धरून वाट पाहत होते. मी त्या गृहस्थास फोन लावला. प्रथम तो म्हणाला, “पाच मिनिटांत सांगतो, काका.” नंतर म्हणाला, “तिथल्या माणसाशी बोलणं चाललंय.” त्यानंतर फोन बंद. आमच्या डोळ्यांदेखत दोर सुटले, भोंगा झाला आणि नौका गेली. आकाश निरभ्र होते, पाणी इतके निवांत की धक्क्याच्या खांबाशी लाट म्हणून फुटत नव्हती. आणि दुपारी मोबाईलवर त्या गृहस्थाचा संदेश आला की, खराब हवामानामुळे नौका रद्द झाली असून त्यास आमची संस्था जबाबदार नाही.

हा मजकूर वाचला त्या क्षणी मला उमगले की येथे विसर नाही, गफलत नाही. हे वाक्य आमच्यासारख्यांसाठी आधीपासून तयार ठेवलेले आहे. नौका सुटतानाचे छायाचित्र वेळेसह माझ्या मोबाईलमध्ये होते, म्हणून आज माझ्या तक्रारीला आधार आहे. वाचकहो, धक्क्यावरचा वेळापत्रकाचा फलक, समुद्र, सुटणारी नौका, जे दिसेल त्याचे छायाचित्र घ्या.

पदरचे पैसे घालून आम्ही दुपारची नौका मिळविली. हॅवलॉकच्या धक्क्यापासून राधानगरचा किनारा बराच आत आहे. तेथे पोहोचेपर्यंत सूर्य पाण्याला टेकत आला होता, आणि जीवरक्षक शिट्ट्या वाजवून लोकांना बाहेर काढीत होते. घड्याळ देशभर एकच असले तरी अंदमान पूर्वेला असल्यामुळे हिवाळ्यात तेथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, आपल्या बासरपेक्षा सुमारे पाऊण तास आधी. त्या रंगीत कागदावर ‘सायंकाळी साडेपाच : समुद्रस्नान’ असे छापले होते! ज्याने ते छापले त्याने त्या बेटावर कधी पाऊल ठेवले नसावे, हे माझे ठाम मत आहे. किनाऱ्याचा कार्यक्रम सकाळचा असेल तरच मान्य करावा.

परंतु माझ्या मनाला लागले आहे ते किनाऱ्याचे नव्हे. वडिलांना जावयाचे होते ते पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलमध्ये. १८९६ ते १९०६ या दशकात उभारलेल्या, मधल्या मनोऱ्यापासून सात दिशांना फाकलेल्या त्या इमारतीच्या आता तीनच शाखा शिल्लक आहेत. १९११ मध्ये विनायकराव सावरकरांना तेथे आणले तेव्हा त्यांचे वडील बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते. कोलूला जुंपून कैद्यांकडून जेथे खोबरेल काढवून घेत ते अंगण, फाशीघर, वरच्या मजल्यावरची सावरकरांची ती दुहेरी दाराची कोठडी, हे सर्व सावकाश पाहण्यासारखे, किंबहुना पाहताना थांबण्यासारखे आहे. कार्यक्रमपत्रिकेने त्याला अर्धा तास दिला होता, ‘छायाचित्रांसाठी’. आणि नौकेच्या घोळामुळे आम्ही पोहोचलो तो बंद होण्याच्या वेळेला. सायंकाळच्या ध्वनि-प्रकाश कार्यक्रमाची तिकिटे वेगळी काढावी लागतात, ती आमच्यासाठी काढलेलीच नव्हती आणि खिडकीवर संपली होती. “याच्यासाठीच आलो होतो रे,” एवढेच वडील म्हणाले. त्यांचे वय पाहता पुन्हा जाणे होईल असे नाही. या एका वाक्याची भरपाई कोणता आयोग कशी करणार?

तेव्हा जेलसाठी अर्धा दिवस राखून ठेवा, दुपारच्या मध्यंतरात ते बंद असते हे ध्यानात घ्या. सामान कमी न्या, औषधे जवळ ठेवा, रोख रक्कम बाळगा, कारण हॅवलॉकवर एटीएम थोडी आहेत. प्रवाळाचा तुकडा खिशात घालू नका, तो कायद्याने गुन्हा आहे.

परत आल्यावर त्या गृहस्थाच्या कचेरीत गेलो तेव्हा त्याने बसा म्हटले नाही. “तुमचं राज्य वेगळं, काका. केस करायची तर आमच्या जिल्ह्यात येऊन करा.” गोदावरीकाठचे आम्ही सीमेवरचे लोक; बाजारहाट महाराष्ट्रात, दप्तर तेलंगणात; हे ऐकून पुष्कळजण गप्प बसतात आणि त्याचा धंदा त्या गप्प बसण्यावरच चालतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याचा अधिकार दिला आहे, मग विकणारा कोणत्याही राज्यातला असो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो. पैसे बँकेतून द्यावेत, फोनवरचे आश्वासन त्याच दिवशी लेखी संदेशाने पक्के करून घ्यावे, आणि नौकेचे नाव, वेळ व आपली नावे असलेले तिकीट हाती आल्याखेरीज उरलेली रक्कम देऊ नये, मग समोरचा कितीही गोड बोलो.

याच गृहस्थाकडून फसलेली आणखी मंडळी आपल्या परिसरात आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांनी आपले छापील कागद आणि मोबाईलवरचे संदेश फेकू नयेत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, ती उलटण्याच्या आत दाखल व्हावे.