उधारीची फाईल सर्व्हरवर नेताना

धंदा वाढला, एकाचे सहा संगणक झाले. पण माल आणि उधारीच्या नोंदी मात्र मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या त्याच एका फाईलमध्ये! या फाईलची मर्यादा २ गिगाबाइट आहे. पण खरा धोका वेगळा आहे. येथे प्रत्येक संगणक ती सामायिक फाईल स्वतः उघडून तिच्यात लिहितो. लिहिताना वीज गेली किंवा नेटवर्क तुटले, तर सर्वांचीच फाईल बिघडू शकते.

यावर उपाय म्हणजे पोस्टग्रेएसक्यूएलसारखा मुक्त सर्व्हर. त्यात माहितीला हात फक्त सर्व्हर लावतो. इतर संगणक त्याच्याकडे मागणी नोंदवतात. त्याला परवाना शुल्क नाही. देखभाल करणाऱ्या माणसाचा खर्च मात्र धरावा.

सर्व काही एकदम बदलू नये. आधी फक्त टेबल सर्व्हरवर न्यावीत आणि ॲक्सेसचे जुने फॉर्म ओडीबीसीद्वारे त्यांना जोडावेत. त्यामुळे कामगारांचा ओळखीचा पडदा कायम राहतो.

बिलाचा क्रमांक आपोआप पडत असेल तर एक काळजी घ्यावी. जुन्या नोंदी भरल्यावर सर्व्हरवरील क्रमांक-मोजणी शेवटच्या बिलापुढे सरकवावी. अन्यथा तो पुन्हा १ पासून सुरुवात करील आणि नवे बिल नाकारले जाईल.

स्थलांतर सुरू असताना जुन्या फाईलमध्ये नवी नोंद करू नये. नंतर नोंदींची संख्या आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची बाकी दोन्हीकडे ताडून पाहावी. एक रुपयाचाही फरक असेल तर कारण सापडेपर्यंत थांबावे. रोज पीजी-डम्पने प्रत घ्यावी व ती अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहावी. न तपासलेल्या प्रतीवर आपली उधारी सोपवू नये.