मुंबई, मुलं आणि मुक्कामाचा हिशेब

कळमनुरीहून मुलांना घेऊन मुंबईला जायचं ठरलं की पहिला प्रश्न निघतो उतरायचं कुठे, आणि त्याचं उत्तर बहुतेक घरांत तयारच असतं. कल्याणला मावसभाऊ आहे, नालासोपाऱ्याला मेहुण्याची खोली आहे, नाहीतर दिव्याला गावाकडचं कुणीतरी आहेच. मुक्काम फुकट, रात्रीचं जेवण घरचं, मग खर्च तो कितीसा, असं सगळे धरून चालतात. लहान मुलं बरोबर असतील तर हा हिशेब बसत नाही, असं माझं ठाम मत आहे. मुंबईत मुलांना घेऊन स्वस्तात खायचं नि फिरायचं असेल, तर मुक्काम दादरला किंवा दादरच्या दक्षिणेला, स्टेशनापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर करावा. त्यासाठी खोलीचं भाडं भरावं लागलं तरी भरावं. हा सल्ला उधळेपणाचा वाटेल, म्हणून तो जरा उलगडून सांगतो.

मुंबई दक्षिणोत्तर लांबट पसरलेली आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, तेव्हापासून शहर रुळांच्या कडेने उत्तरेला वाढत गेलं. गोदी, बाजार, गिरण्या, सरकारी कचेऱ्या दक्षिणेला राहिल्या आणि माणसांची घरं लांब लांब सरकली. त्यामुळे सकाळी आठ ते अकरा लोकलची गर्दी दक्षिणेला लोटते आणि संध्याकाळी पाच ते नऊ तीच गर्दी उत्तरेला परतते. आता मुलांना दाखवायचं काय, ते पाहा. राणीची बाग भायखळा स्टेशनाला लागून आहे. गेटवे ऑफ इंडिया आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय अगदी दक्षिण टोकाकडे आहेत, गिरगाव चौपाटी चर्नी रोडला, नेहरू विज्ञान केंद्र वरळीला, सिद्धिविनायक प्रभादेवीला. ज्यांना फिरायला नव्हे, दवाखान्यासाठी जावं लागतं त्यांचं टाटा, केईएम आणि मुलांचं वाडिया रुग्णालयही परळलाच आहे. म्हणजे कल्याणला उतरलेलं कुटुंब सकाळी गर्दीबरोबर दक्षिणेला जाणार आणि संध्याकाळी गर्दीबरोबरच परतणार. दिवसाच्या दोन्ही टोकांना मुलं त्या रेट्यात सापडणार. दादर-भायखळ्याला उतरलेल्या कुटुंबाचं सगळं फिरणं चार-दोन स्टेशनांत आटोपतं आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला जायचं झालं, तरी गर्दी समोरून येते. अंधेरी, वांद्रे-कुर्ला संकुल, ऐरोली इथे कचेऱ्या वाढल्यापासून उलट्या दिशेच्या गाड्याही रिकाम्या राहिलेल्या नाहीत, पश्चिम रेल्वेवर तर नाहीतच, हे मान्य करायला हवं. तरीही मुलाला पुढ्यात उभं करून श्वास घेता येणं आणि त्याला खांद्यावर उचलून धरावं लागणं यांत फार फरक आहे.

इथे कुणी म्हणेल की लोकलचं तिकीट इतकं स्वस्त आहे, मग लांब राहिलं म्हणून काय बिघडलं? तिकीट स्वस्त आहे यात शंका नाही. मुंबईहून दादर ५ रुपये, ठाणं १०, कल्याण १५. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीटच नाही. एका, तीन किंवा पाच दिवसांचं पर्यटक तिकीटही मिळतं, त्यावर लोकलने कितीही वेळा फिरा. पण खर्च तिकिटात नसतोच. लंडनमध्ये अकरा वर्षांखालची मुलं मोठ्या माणसाबरोबर भुयारी रेल्वेने नि बसने फुकट फिरतात आणि मोठ्यांना सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी भुयारी रेल्वेचं भाडं जास्त पडतं. म्हणजे गर्दीची किंमत तिथे उघडपणे तिकिटावर लिहिलेली असते. मुंबईत भाडं दिवसभर सारखंच, म्हणून ती किंमत आपल्याला दिसत नाही. ती पुढे वसूल होते. दोन गाड्या सोडल्या, तिसरीत आई चढली नि बाबा राहिले, मूल रडायला लागलं, की कुणीतरी म्हणतं, चला, टॅक्सी करू. गेटवेपासून कल्याण पन्नास किलोमीटरच्या वर. ती टॅक्सी एकदा केली की दादरच्या खोलीचं एका दिवसाचं भाडं त्यात जवळजवळ निघून जातं, आणि संध्याकाळच्या वाहतुकीत दोन-अडीच तास जातात ते वेगळेच.

जवळ राहिलं की टॅक्सीचाच हिशेब उलटा होतो. मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये आहे. फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये आहे आणि तिच्यात चौघं बसतात. भायखळा स्टेशनापासून खोलीपर्यंत थकलेल्या मुलांना न्यायचं असेल, तर वातानुकूलित बसमध्ये दोघा मोठ्यांचेच २४ रुपये होतात. मुलांची तिकिटं धरली की टॅक्सी जवळपास त्याच पैशांत दारापर्यंत येते. रिक्षा मात्र शोधत बसू नये, ती शीव-वांद्र्याच्या अलीकडे येतच नाही. भुयारी मेट्रो-३ ही ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, तिकीट १० ते ७० रुपये. लोकलच्या मानाने ती महाग, पण वरळीच्या विज्ञान केंद्राला आता स्टेशन झालंय आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान मूल बरोबर असताना तिथला गारवा पैसे वसूल करून देतो. बेस्टची वातानुकूलित दुमजली बस सीएसएमटीहून नरिमन पॉइंटकडे जाते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, तर मुलांना वेगळी मुंबई दाखवायची गरज उरत नाही.

आता खाण्याकडे वळतो, कारण पैसे तिथेच नकळत गळतात. मुंबईतली स्वस्त जेवणाची जुनी रीत एकट्या पुरुषाभोवती बसवलेली आहे. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार दाटीवाटीने राहत आणि खानावळीत जेवत. त्यांना जेवू घालणाऱ्या गिरणगावातल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. माटुंगा स्टेशनाजवळचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून असंच पोटभर वाढत आलंय. कष्ट करून आलेल्या माणसाला अशा ठिकाणी पैशांचं पुरेपूर मोल मिळतं. सहा वर्षांचं मूल एक पुरी नि मूठभर भात खाऊन पाट सोडतं आणि तासाभराने पुन्हा भूक लागली म्हणतं. म्हणून मुलांसाठी अनलिमिटेड थाळी घेऊ नये. साध्या उडुपी हॉटेलात एक राईस प्लेट, एक इडली, एक दहीभात असं सुटं मागवावं. इडली उकडलेली, पाच मिनिटांत येते नि तिखट नसते. आपल्याकडच्या मुलांना तिथलं सांबार गोडसर लागतं, तेव्हा घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी कामाला येते. मराठी चवीचं हवं असेल, तर दादर पश्चिमेला स्टेशनाजवळ मामा काणे यांचं १९१० पासूनचं उपाहारगृह आहे. जेवण साडेअकरा-बाराच्या सुमाराला उरकावं. एक वाजला की फोर्टातली हॉटेलं कचेरीतल्या माणसांनी भरतात, तासभर ताटकळावं लागतं आणि तेवढ्यात मुलांच्या हातात वेफर्सची पाकिटं नि थंड पेयं येतात. चौघांचा हा मधला खाऊ एका राईस प्लेटपेक्षा महाग पडतो, हे बिल न घेतल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

जवळच्या मुक्कामाचा सगळ्यात मोठा फायदा याच ठिकाणी आहे. दुपारी जेवून खोलीवर परतता येतं, मूल दोन तास झोपतं, उठल्यावर दूध-केळं खोलीतच होतं आणि चार वाजता चौपाटीला निघालेलं मूल ताजंतवानं असतं. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात, धपाटे एक दिवस. प्रवास आणि पहिला दिवस एवढ्यावर निघतो. कल्याणला उतरलेल्या कुटुंबाला हे सगळं सकाळी पिशवीत भरून रात्रीपर्यंत वागवावं लागतं, आणि दुपारच्या उकाड्यात ते आंबतं. शिवभोजन थाळी आहे की, असं काही जण सांगतात. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली ही दहा रुपयांची थाळी गरजेच्या वेळी चांगलीच, पण केंद्र आपल्या वाटेवर असेल, चालू असेल आणि तिथे थाळ्या उरल्या असतील, एवढ्या गोष्टी जुळून याव्या लागतात. मुलांचं जेवण तिच्या भरवशावर ठेवू नये. गाडीवरचं खाणं नको, असंही सांगणारे भेटतात. कढईतून नुकता निघालेला वडा मला गाडीवरच्या चिरलेल्या फळांच्या बशीपेक्षा आणि बर्फाच्या गोळ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित वाटतो. पाण्याच्या बाटल्या मात्र खोलीवरून भरून घ्याव्यात. कमी पडलं तर स्टेशनावर रेल नीरची लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे.

सगळ्यात अवघड आक्षेप पैशांचा नाहीच, नात्याचा आहे. मुंबईत जाऊन भावाकडे उतरला नाहीत, हॉटेलात राहिलात, हे गावात बोललं जातं आणि भावालाही लागतं. मला हा आक्षेप हलका वाटत नाही. पण तो भाऊ सकाळी सातची गाडी पकडून कामाला जातो, वहिनी त्याआधी डबा करते, आणि दीड खोलीत चार माणसं वाढली की त्यांची झोप जाते. ते बोलून दाखवणार नाहीत, इतकंच. एक दिवस ठरवून, मुलांना घेऊन, त्यांच्याकडे जेवायला नि राहायला जावं. तो दिवस शक्यतो शनिवार असावा. रविवारी दुपारी बहुतेक मार्गांवर मेगाब्लॉक असतो. कोणत्या स्टेशनांदरम्यान आहे हे आदल्या दिवशी पाहून घ्यावं लागतं. राणीची बाग बुधवारी बंद असते, तेव्हा बुधवारही भेटीगाठींना चालतो. एरवी दोन मोठे नि दोन मुलं यांचं तिथलं कुटुंबाचं तिकीट १०० रुपये आहे, अख्खा दिवस जातो, आणि मुंबईत एवढ्या पैशांत मुलांना इतकं दुसरीकडे कुठे मिळत नाही.

ज्यांना भाडं खरोखरच परवडत नाही, त्यांनी कल्याणला खुशाल उतरावं, फक्त वेळ मोडू नये: अकरानंतर निघावं आणि परतीची गाडी चारच्या आत पकडावी. ते जमलं नाही, तर रात्री नऊ-साडेनऊपर्यंत दक्षिणेतच थांबावं, जेवून मगच निघावं. गावाहून जातानाही गाडीचा विचार याच नजरेने करावा. नांदेडहून रात्रीची देवगिरी पकडली, तर ती सकाळी मुंबईत सोडते. सामान आणि झोपाळलेली मुलं घेऊन लगेच लोकलमध्ये शिरण्यापेक्षा उतरल्या ठिकाणी अमानती सामानघरात पिशव्या ठेवाव्यात, नाश्ता करावा, मग हलावं. २०२४ पासून हिंगोलीहूनच मुंबईची जनशताब्दी सुटते. दिवसाचा प्रवास असल्याने मुलांना अख्खी रात्र गाडीत काढावी लागत नाही, आपल्या तालुक्याला तीच सोयीची. लोकलमध्ये मुलांसह धीमी गाडी घ्यावी, जलद गाडीचा मोह टाळावा. लहान मुलगा आईबरोबर महिला डब्यात जाऊ शकतो, तिथे धक्काबुक्की तुलनेने कमी. चढताना मूल आधी, मोठं माणूस मागे. उतरताना एक मोठा आधी, मुलं मध्ये, दुसरा शेवटी, आणि उठायचं आपलं स्टेशन यायच्या आधीच्या स्टेशनावर, कारण गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही. चुकामूक झालीच, तर गाडीत राहिलेल्याने पुढच्या स्टेशनावर उतरून तिथेच थांबायचं आणि फलाटावर राहिलेल्याने जागा सोडायची नाही, एवढं मुलांना निघण्याआधी घरीच सांगून ठेवावं. त्यांच्या खिशात दोन फोन नंबरांची चिठ्ठी असावी, आणि मोठ्यांना रेल्वेचा १३९ पाठ असावा.