वेगळा ठेवलेला कप

चि. भाचीस,

पहिल्या पगारातून तू निळ्या फुलांचा, सोनेरी कडेचा चहाचा सेट घेतलास आणि तो खोक्यातच ठेवलास, असं तुझी आई सांगत होती. साकीनाक्याची एवढीशी खोली, खिडकीत खैरानी रोडची धूळ, इथे कसला आलाय थाट, असं म्हणालीस म्हणे.

अगं, त्याच साकीनाक्यात एका गाळ्यात मी तीस वर्षं लेथ चालवली. तीन वाजता पोऱ्या कटिंग आणायचा. हात तेलकट, ग्लास चटके देणारा, म्हणून वरच्या कडेला दोन बोटांत धरायचा. त्या चहाला मी नावं ठेवणार नाही. पण संध्याकाळी तुझी मामी गुलाबाच्या फुलांची कपबशी पुढे ठेवायची. बशीत ओतून पहिला फुरका मारला, की दिवसभराचा खडखडाट कानातून उतरायचा. चहा तोच, गवती चहा नि आल्याचा. भांडं वेगळं, एवढंच. बशीतून पिणं कुणी गावंढळ म्हटलं तर खुशाल हस. अठराव्या शतकात इंग्लंडातही लोक बशीत ओतून पीत. कपाला कानसुद्धा युरोपात चिकटवला. चीनमधून आलेल्या वाट्यांना तो नव्हता.

तेव्हा आधी खोकं उघड. एक कप उजेडासमोर धर आणि मागे बोटं हलव. सावली दिसली तर माल बोन चायनाचा असू शकतो. बोन चायनात हाडांची राख असते, चांगल्या मालात जवळपास निम्मी, म्हणून तो इतका पातळ असूनही टिकतो. मग माठ घेताना मारतो तशी टिचकी मार. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. फुलांवरून बोट फिरव. उंचवटा लागला तर रंग चकाकीच्या वर बसवलाय. तो काथ्याने घासलास तर वर्षभरात फुलं जातील. सोनेरी कडेचा कप मायक्रोवेव्हमध्ये घालू नकोस, ठिणग्या उडतात. चोरबाजारातून भडक रंगाचा जुना कप आणलास तर तो मात्र नुसता बघायला ठेव, जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

एखाद्या रविवारी मेट्रोने घाटकोपर गाठ आणि लोकलने भायखळ्याला जा. तिथल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जे.जे. कलाशाळेची जुनी मातीकामं आहेत. 1870 च्या दशकात त्या कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी कुंभारकाम उभं केलं, त्यातली. अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं, वेलबुट्टी थेट सुरईवर उतरलेली. मी तासभर उभा होतो, रखवालदार संशयाने बघायला लागला. ती भांडी काचेआड शोभतात. तुझ्या कपांना काचेचं कपाट नको.

आता खरं ज्यासाठी लिहायला बसलो ते. 1890 साली पुण्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक अशी मोठी मंडळी जमली होती. समोर मिशनऱ्यांचा चहा आला. कुणी प्याला, कुणी नुसता हातात घेतला, पण नावं छापून आली आणि गावभर गदारोळ. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका पेल्यावरून! तुला हसू येईल. पण मागे तुझ्या खोलीवर आलो होतो तेव्हा ओट्याच्या कोपऱ्यात कान तुटलेला एक कप पालथा पाहिला. भांडी घासायला येणाऱ्या ताईंचा, असं तुझी मैत्रीण सहज म्हणाली. मी गप्प बसलो, त्याची अजून चुटपुट आहे. तुझा सेट खोक्यात आणि त्यांचा कप कोपऱ्यात, दोन्ही मला एकाच जातीचे वाटतात, ‘वेगळे ठेवलेले’. तो तुटका कप टाकून दे. सकाळी दोन निळे कप काढ, गरम पाण्याने विसळून घे म्हणजे चहा लगेच निवत नाही, आणि एक त्यांच्या हातात दे. त्या भीतील, फुटला तर म्हणून. फुटू दे. माझ्या संसारात सहांचे दोन राहिलेत.

तेच दोन गुलाबाचे कप, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, गावाकडून निघालेल्या शेजाऱ्यांबरोबर पाठवतोय. एका बशीला टवका उडालाय, तो मीच पाडला. मामीला अजून वाटतं मांजराने पाडला, तेव्हा तू काही बोलू नकोस.

तुझा,
मामा