क्लिपी : आज्ञावली तपासणारे हत्यार

संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावयाचे, हे सांगणाऱ्या सूचनांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. सुताराला जसा गुण्या लागतो, तशी आज्ञावली लिहिणाऱ्यालाही तपासणीची हत्यारे लागतात. ही हत्यारे म्हणजे दुसऱ्या आज्ञावल्याच होत. त्यांपैकी ‘क्लिपी’ या हत्याराचा आरंभ २०१४ साली मनीष गोरेगावकर यांनी केला. त्या वेळी ते मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकत होते.

रस्ट भाषा

क्लिपी ‘रस्ट’ या भाषेतील आज्ञावल्या तपासते. ही भाषाही प्रथम फावल्या वेळातच घडली. मोझिला संस्थेत काम करणारे ग्रेडन होअर यांनी २००६ साली तिचा आरंभ केला, २००९ साली मोझिलाने तिला आश्रय दिला आणि १५ मे २०१५ रोजी तिची पहिली स्थिर आवृत्ती निघाली.

संगणकाची स्मृती जपून वापरणे हा या भाषेचा मुख्य हेतू होय. जुन्या सी व सी++ या भाषांत स्मृतीची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितले की, आपल्या आज्ञावल्यांतील सुरक्षेच्या उणिवांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या गैरवापरातून उद्भवतात. रस्टमध्ये प्रत्येक मूल्यास एकच मालक असतो. मालकाचे काम संपले की स्मृती मोकळी होते. ग्रंथालयातील नोंदवही एकाच वेळी अनेकांनी वाचावी. परंतु कोणी तीत लिहीत असेल, तर ती त्याच्याच हाती असावी, तसाच हा नियम आहे. नियम मोडल्यास आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर ती नाकारतो.

व्याकरण शुद्ध, अर्थ चुकीचा

मात्र नियम पाळले म्हणजे अर्थ बरोबर असतोच असे नाही. ‘पाणी पाण्याहून जड आहे काय?’ हा प्रश्न व्याकरणाने शुद्ध आहे; पण तो विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दुसराच पदार्थ असावा. आज्ञावलीतही एखाद्या संख्येची तुलना चुकून तिच्याशीच केली जाते. कंपायलरला यात काही गैर दिसत नाही. क्लिपी मात्र तेथे बोट ठेवते. अशा तपासणीस ‘लिंट’ म्हणतात. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली सी भाषेसाठी केलेल्या हत्यारास हे नाव दिले. कापडावरील बारीक तंतू वेचून काढावे, तसे हे काम असते.

जोपासना

क्लिपीची मूळ लिखित प्रत सर्वांस खुली असल्याने इतरांनीही तीत भर घातली, आणि आज तीत ७०० हून अधिक तपासण्या आहेत. परंतु असे हत्यार एकदा घडवून भागत नाही. क्लिपी कंपायलरच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून असल्याने कंपायलर बदलला की ती वारंवार बंद पडे, आणि कोणी तरी आपल्या विश्रांतीच्या वेळात ती पुन्हा चालती करी. तो कोणी थकला, तर हत्यारही थांबते. म्हणून एका व्यक्तीचे काम अनेकांचे व्हावे लागते. पुढे क्लिपी रस्टच्या अधिकृत साधनांत आली व तिच्यासाठी एक गट नेमला गेला. २०१८ साली तिच्या वापराचा परवाना बदलताना, ज्यांनी ज्यांनी मजकूर लिहिला होता त्यांची संमती मागावी लागली. कारण आता ती कोणा एकाची राहिली नव्हती.

नवी तपासणी सुचविणाऱ्याने तीन गोष्टींचा विचार करावयास हवा : कोणती चूक पकडावयाची, ती कोठे पकडली जावी आणि कोठे मौन पाळावे. तिसरी सर्वांत कठीण. कारण विनाकारण टोकणाऱ्या परीक्षकाचे कोणी ऐकत नाही. मुंबईतील असो वा गाझियाबादमधील, संगणक हाताशी असलेल्या विद्यार्थ्यास या तपासण्या आजही मोफत वाचता येतात, आणि त्यांतील उणीव दाखविण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.