गहू सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर

‘डॉक्टर, महिनाभर पोळी बंद केली आणि पोट एकदम शांत झालं. म्हणजे मला ग्लुटेन चालत नाही, हे नक्की ना?’ हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. माझं उत्तर असतं, नाही, नक्की नाही. उलट पोळी आधीच बंद केल्यामुळे ते नक्की करणं आता जास्त अवघड झालं आहे.

ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन. गव्हाच्या कणकेला ताण येतो, पाव फुगतो, तो त्याच्यामुळेच. ‘मला गहू सोसत नाही’ या एकाच तक्रारीमागे मात्र निरनिराळे आजार असू शकतात. सिलिॲक आजारात ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतलं मखमलीसारखं अस्तर झिजून सपाट होतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. हा आजार जन्मभराचा. गव्हाची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट. तिच्यात गहू खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडतो. तसं झालं तर हा लेख बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा. तिसरा गट मोठा आणि धूसर आहे. या लोकांच्या तपासण्या नॉर्मल येतात, पण गहू खाल्ला की पोट फुगतं. यातल्या अनेकांना त्रास ग्लुटेनचा नसतोच. गव्हात फ्रुक्टान नावाचे शर्करेचे पदार्थ असतात, ते आतड्यात आंबतात आणि वात धरतो. कांदा आणि लसणातही हेच फ्रुक्टान असतात. म्हणून पोळी सोडूनही झणझणीत रश्श्याने पोट फुगत असेल, तर संशय आधी कांद्यावर घ्या.

हा भेद करायचा कशाला, असं कुणी विचारेल. तिसऱ्या गटातल्या माणसाने सणाला पुरणपोळी खाल्ली, तर एखादा दिवस त्रास होईल, एवढंच. सिलिॲकच्या रुग्णाला काहीही जाणवलं नाही तरी आतडं आतल्या आत खराब होत राहतं. एकाला थोडी मोकळीक चालते, दुसऱ्याला कणभरही नाही. आपण नक्की कोण, हे ठाऊक नसलेला माणूस दोन्हीकडे चुकतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी तपासणी, मग पथ्य. रक्तात टीटीजी-आयजीए ही चाचणी करतात, सोबत एकूण आयजीएही बघतात, कारण काहींच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतं आणि चाचणी खोटी ‘नॉर्मल’ दाखवते. मोठ्या माणसांत बहुधा दुर्बिणीने लहान आतड्याचे तुकडे घेऊन निदान पक्कं करतात. या सगळ्यासाठी तुम्ही तोवर नेहमीसारखा गहू खात असायला हवं. गहू सोडून काही महिने झाले असतील, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे तो पुन्हा सुरू करावा लागतो. ज्यांना ते शक्यच नाही, त्यांची एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकीय तपासणी करता येते. ही जनुकं नसतील तर सिलिॲक जवळपास नाहीच, असं समजायचं. असली तरी आजार आहे असं मात्र सिद्ध होत नाही. जाहिरातींतून विकली जाणारी ‘शंभर पदार्थांची इन्टॉलरन्स टेस्ट’ करू नका. ती पैसे घेऊन घाबरवते, बाकी काही नाही.

‘पण मला जुलाब कुठे होतात?’ हाही एक गैरसमज. गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, मुलाची खुंटलेली उंची, सारखं तोंड येणं, ऐन तिशी-चाळिशीत ठिसूळ झालेली हाडं, गर्भ न राहणं, यांपैकी एकच लक्षण घेऊनही हा आजार येतो. उत्तर भारतातल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला तो आढळला. दक्षिणेत प्रमाण बरंच कमी आहे. घरात एकाला निघाला, तर आईवडील, भावंडं, मुलं यांचीही रक्ततपासणी करून घ्या. टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार असणाऱ्यांनीही.

गव्हावरचा हा संशय डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी धसाला लावला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. ब्रेड मिळेनासा झाला आणि या आजाराची मुलं चक्क सुधारली. ब्रेड परत आला तशी पुन्हा खालावली. १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. औषध तेव्हाही पथ्यच होतं आणि आजही तेच आहे.

आता स्वयंपाकघरात येऊ. सिलिॲकचं निदान झालेल्या मराठी माणसाला मी आधी सांगतो की तुमचं नशीब बरं आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, सगळ्या डाळी, यांत ग्लुटेन नाही. भाकरी, पिठलं, घावन, उकडीचे मोदक, अनारसे, पोहे ही काही पथ्यासाठी शोधून काढलेली पर्यायी पाककृती नव्हे, आपलं रोजचंच अन्न आहे. डबाबंद ‘ग्लुटेन-फ्री’ बिस्किटांमागे धावण्याची गरज नाही. त्यांत पुष्कळदा स्टार्च आणि साखरच जास्त असते, आणि किंमत तिप्पट.

अडचण धान्यात नसते, ते धान्य जिथून जातं तिथे असते. पहिली जागा पिठाची गिरणी. गव्हाच्या मागोमाग तुमची ज्वारी टाकली, की जात्यात, नळीत, डब्यात उरलेलं गव्हाचं पीठ तुमच्या पिठात उतरतं. आधी थोडे तांदूळ दळून घ्या, सकाळी पहिलं दळण लावा, हे उपाय लोक करतात आणि त्याने भेसळ कमीही होते, पण भरवसा देता येत नाही. अभ्यासांत रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही रुग्णांच्या आतड्याला बाधक ठरलं आहे. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये दोन ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं, त्यावरून अंदाज करा. घरघंटी परवडत असेल तर घ्या आणि तिच्यात गहू कधीच टाकू नका. नसेल तर फक्त ज्वारी-बाजरी दळणारी गिरणी शोधा, काही गावांत ती असते. घरात चाळणी, लाकडी पोळपाट आणि काठवट वेगळी ठेवा. चाळणीच्या जाळीतलं पीठ धुऊन निघत नाही. स्टीलची ताटं-वाट्या नीट घासल्या की पुरतं, वेगळा संसार मांडू नका. भाकरी मात्र पोळ्यांच्या आधी करा आणि शक्यतो तिला तवा स्वतंत्र असू द्या.

दुसरी जागा हिंगाची डबी. बाजारातला बहुतेक हिंग हा मिश्रण असतो. मूळ हिंग थोडा, बाकी डिंक आणि पुष्कळदा मैदा किंवा गव्हाचं पीठ. खड्याचा हिंगही याला अपवाद असेलच असं नाही. डबीवरचे घटक वाचा, तांदळाच्या पिठावर बांधलेला हिंग मिळतो. तो न मिळाल्यास हिंगाशिवाय जगता येतं, वरण काही रुसत नाही.

आणि मेतकूट! आजारी माणसाला मऊ भात-मेतकूट देण्याची आपली पद्धत आहे, पण पारंपरिक मेतकुटात गहू भाजून घालतात. थालिपिठाच्या भाजणीतही तो बहुधा असतो. चकलीच्या भाजणीत सहसा नसतो, तरी विकतची आणताना विचारा. सातूचं पीठ वर्ज्य. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. बेसनलाडू दाणेदार व्हावा म्हणून कुणी त्यात रवा घालतं. खपली गहू ‘पचायला हलका’ म्हणून लोक सुचवतात, पण खपली हाही गहूच आहे. त्यात ग्लुटेन असतं आणि सिलिॲकला तो चालत नाही. आंबवलेला सावरडो ब्रेडही तसाच. ओट्समध्ये मुळात ग्लुटेन नसतं, पण ते गव्हासोबत कारखान्यातून फिरून येतात, म्हणून ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलेच घ्या आणि तेही डॉक्टरांना विचारून. माल्टची पेयं, माल्ट घातलेले कॉर्नफ्लेक्स आणि बिअर यांत जव असतं. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायचं, तर एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. तो छाप नसेल, तर निदान घटकांखालची ॲलर्जीची ओळ वाचा. गहू असल्यास तो तिथे लिहिणं बंधनकारक आहे.

बाहेर खाताना खरी कसोटी लागते. वेटरला ‘यात ग्लुटेन आहे का?’ असं विचारू नका. तो सौजन्याने ‘नाही’ म्हणेल. असं विचारा: ‘दादा, मला गव्हाची ॲलर्जी आहे. यात मैदा, रवा, कणीक, सोया सॉस, हिंग, काही आहे का? आणि हे तळता कुठल्या कढईत?’ सिलिॲक ही शास्त्राच्या दृष्टीने ॲलर्जी नव्हे, हे मला माहीत आहे, पण स्वयंपाकघरापर्यंत तोच शब्द पोहोचतो. उत्तर देताना तो क्षणभर थांबला आणि ‘आत विचारून येतो’ म्हणाला, तर त्या हॉटेलवर विश्वास टाकायला हरकत नाही.

कुठे काय लपलंय, तेही माहीत असू द्या. मालवणी खाणावळीत सुरमई रव्यात घोळवून तळतात. तांदळाच्या पिठात, स्वच्छ तव्यावर करून मागा. बहुतेक जण करून देतात आणि ती चवीला मुळीच कमी नसते. पावभाजीतली भाजी निर्धोक वाटते, पण त्याच तव्यावर पाव भाजलेला असतो. बटाटावड्याचं आवरण बेसनाचं, पण कढई समोशाचीही. मिसळीच्या फरसाणात काय काय आहे, ते दुकानदारालाही सांगता येणार नाही. उडप्याकडे इडली बरी, मात्र रवा इडली नको. डोशाच्या पिठात काही ठिकाणी रवा-मैदा मिसळतात, शिवाय त्याच तव्यावर रवा डोसा होतो, आणि सांबारात हिंग असतोच. ‘ज्वारीची भाकरी’ फुटू नये म्हणून तिच्यात कणीक मिसळणारी हॉटेलं आहेत. चायनीज मी तरी टाळायला सांगतो, फ्राइड राइसमधल्या सोया सॉसमध्येही सहसा गहू असतो. तंदूरमध्ये रोट्या भाजतात, तिथलं पनीरही नको.

मग खायचं काय? उपवासाचं! साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. यांत गहू नाही आणि उपवास म्हणून हिंगही नाही. आपल्या समाजाने ग्लुटेनचं नावही ऐकलेलं नसताना त्यावाचूनची एक अख्खी पाकपद्धती सांभाळली आहे आणि ती गल्लीतल्या हॉटेलातही मिळते. दोन सावधगिऱ्या. साबुदाणावडा कुठल्या कढईत तळलाय ते विचारा. राजगिऱ्याचं आणि शिंगाड्याचं पीठ सुटं न घेता बंद पाकिटातलं घ्या. आणि हो, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट आहे. प्रवासात ठीक, रोज नको. रोजच्या जेवणात ज्वारी, नाचणी, डाळी, भाज्या हव्यात, कारण झिजलेल्या आतड्यामुळे लोह, कॅल्शियम, बी१२ आणि ड जीवनसत्त्वाची आधीच तूट असते.

लग्नकार्यात गोष्ट पदार्थांची कमी आणि माणसांची जास्त असते. ‘एवढ्याशा जिलबीने काय होतंय?’ हे प्रेमानेच म्हटलेलं असतं. पंगतीत वाद घालू नका. आदल्या दिवशी केटररला फोन करून फोडणी न घातलेली डाळ, साधा भात, दही आणि श्रीखंड बाजूला काढून ठेवायला सांगा. यजमानांपेक्षा तो जास्त समजूतदार निघतो, कारण त्याला असे फोन आता येतात. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो. हातात घ्या, कपाळाला लावा आणि शेजारच्याला द्या. वसई-गोव्याच्या ख्रिस्ती वाचकांनी पॅरिशच्या फादरशी बोलावं. चर्चच्या नियमांत पूर्ण ग्लुटेनरहित होस्टला, म्हणजे मिस्सातल्या पवित्र भाकरीला, परवानगी नाही, पण अत्यल्प ग्लुटेनच्या होस्टला आहे. काही रुग्णांना तेवढंही चालत नाही, त्यांना फक्त द्राक्षारस घेता येतो. विमानप्रवासात ग्लुटेनविरहित जेवणाचा कोड जीएफएमएल आहे. तो तिकीट काढतानाच नोंदवा, आणि तरी पिशवीत राजगिऱ्याचे लाडू ठेवा.

इतकं करूनही कधीतरी चुकून खाल्लं जाईल. त्यावर उतारा देणारं औषध नाही, मुद्दाम ओकारी काढू नका. पाणी, मीठ-साखरेचं पाणी, एक-दोन दिवस हलकं अन्न, बस. जुलाब थांबत नसतील, चक्कर येत असेल किंवा लहान मूल असेल तर डॉक्टरांकडे जा. आणि ‘आता मोडलंच आहे पथ्य’ म्हणून त्या आठवड्यात केकही खाऊन घेऊ नका. टीटीजीची पातळी उतरायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. तेव्हा पथ्य सुरू केल्यावर साधारण सहा महिन्यांनी पहिली फेरतपासणी करा आणि येताना रोज काय खाता याची वही घेऊन या. आकडा उतरत नसेल, तर त्या वहीत मी सर्वांत आधी गिरणी आणि हिंग शोधतो.