उसाच्या फडात सर्पदंश : काय करावे, काय टाळावे



उसाला पाणी रात्रीचे, तोड पहाटेची आणि पाचटात उंदीर. उंदीर तेथे साप, हे ओघानेच आले. म्हणून या वेळी लागण-खतांचा विषय बाजूला ठेवून सर्पदंशाविषयी लिहीत आहोत.

माणसाच्या जिवावर बेतणारे साप आपल्याकडे मुख्यतः ४ : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. नाग व मण्यार यांच्या विषाने पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही व शेवटी श्वास बंद पडतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. दंशाची जागा सुजते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते.

मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. पुष्कळदा खूण दिसत नाही, सूजही नसते. कोपीत झोपलेला मजूर पहाटे पोट दुखते म्हणून उठला आणि डोळे उघडेनात, तर अपचन समजून सोडा देत बसू नका.

करावे : रोग्याला धीर द्या, चालवू नका. अंगठी, कडे, जोडवी काढा. मोडलेल्या हाडाला बांधतो तसा चावलेला हात-पाय काठी लावून सैलसर बांधा. कुशीवर निजवून १०८ ला फोन करा. उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने न्या. श्वास थांबल्यास तोंडाने श्वास देत राहा.

करू नये : दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका. मांत्रिकाकडे तर नकोच. बरेच दंश बिनविषारी असतात, ते रोगी आपोआप बरे होतात आणि नाव मांत्रिकाचे होते.

साप मारून आणण्यात वेळ दवडू नका. या चारही सापांवर प्रतिविषाची लस एकच आहे. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस लागते, कारण साप विष काही वय बघून सोडत नाही.

दारे धरताना गमबूट, बॅटरी व काठी हवीच. झोपताना खाट व नीट खोचलेली मच्छरदाणी वापरा. सापाच्या भीतीने पाचट मात्र जाळू नका; ते जमिनीचे अन्न आहे.

जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात लस मिळते याची चौकशी आजच करून ठेवा, आणि हा लेख आपल्या फडावरील टोळीला मुकादमाकडून वाचून दाखवा. तोडणी मजूरही आपलीच माणसे आहेत.

— ऊस विकास अधिकारी