सभासद होण्यासाठी काय लागते?

‘सामाजिक उद्योजकता’ हा शब्द अलीकडे आपल्या तरुणांच्या मेळाव्यांतून वरचेवर कानी पडतो. उद्योगाने नफा मिळवावा, परंतु तो मूठभरांच्या पदरी न पडता समाजाच्या कामी यावा, हा त्याचा अर्थ. मात्र बहुधा एखाद्या प्रांतातील यशाची कथा सांगितली जाते आणि ‘आपणही असेच करू’ असा निष्कर्ष निघतो. येथे थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते. प्रत्येक प्रांताची धंद्याची रीत निराळी, आणि तीतून उभ्या राहिलेल्या संस्थेचा उंबरठाही निराळा. म्हणून कोणतीही संस्था अभ्यासताना आम्ही आधी विचारतो: तिचा सभासद होण्यासाठी माणसाजवळ काय असावे लागते?

गुजरातची रीत रोजच्या हिशेबाची. त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने १९४६ साली खेडा जिल्ह्यात दूध उत्पादकांचा संघ स्थापन झाला. तोच पुढे ‘अमूल’ म्हणून घरोघरी पोहोचला. केंद्रावर दूध मोजायचे, स्निग्धांश तपासायचा आणि त्याप्रमाणे दाम द्यायचे. त्या रांगेत गावच्या निरनिराळ्या जाती उभ्या राहिल्या, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तरी दारात म्हैस हवीच. १९५९ साली मुंबईत, गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेव्हा हा उंबरठा आणखी खाली आला. ‘लिज्जत’ची सभासद होण्यास लाटणारे हात आणि स्वच्छ घर पुरे होते.

पश्चिम महाराष्ट्राची गोष्ट वेगळी. येथे भांडवल पेढीतून आले नाही, पाटाच्या पाण्यावरील जमिनीतून आले. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. शेतकऱ्यांनी भाग घेतले, शासनाने हात दिला, आणि अशा कारखान्यांभोवती शाळा, महाविद्यालये, रुग्णालये उभी राहिली. या कामाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण सभासद तो, ज्याचा ऊस. तो ऊस तोडणारे मुकादमाकडून उचल घेऊन, मुलाबाळांसह येतात. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. त्या कोयत्यांत आपल्या समाजाचीही कुटुंबे आहेत. सहकाराच्या अंगणात राबूनही ती सभासदांच्या यादीत नाहीत. (शिवाय मळीपासून मद्यार्क निघतो, भगवान बुद्धांनी उपासकास वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत मद्याचा व्यापार आहे, याचाही विचार आपल्या तरुणांनी करावा.)

ज्यांच्याजवळ जमीन नाही, त्यांनी केरळकडे अवश्य पाहावे. कोळिक्कोड जिल्ह्यातील वडकरा परिसरात वाग्भटानंद गुरू जातिभेद आणि अंधश्रद्धा यांविरुद्ध प्रबोधन करीत होते. त्यांच्या अनुयायांना जमीनदारांनी कामे देणे बंद केले. तेव्हा १९२५ साली चौदा मजुरांनी परस्पर साहाय्याचा सहकारी संघ काढला. आज ‘उरलुंगल’ या नावाने तो रस्ते आणि पूल बांधतो. कोळिक्कोडला त्याने माहिती-तंत्रज्ञानाचे संकुलही उभारले आहे. तेथे सभासद होण्यास लागतात ते श्रम.

हा इतिहास आम्हांस परका वाटत नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावकीची कामे नाकारणाऱ्या आपल्या वाडवडिलांवर अनेक गावांत बहिष्कार पडले, त्यांची मजुरी तुटली. त्यांनी शिक्षणाची आणि शहराची वाट धरली. तिचीच फळे आज आपण चाखतो आहोत. मजुरांचा स्वतःचा उद्योग मात्र आपल्याकडे रुजला नाही.

याचे सगळे खापर आपल्याच माथी फोडणे न्यायाचे नाही. केरळात कामगार चळवळ बळकट होती, आणि सरकारी बांधकामे देताना तेथील शासन मजूर संस्थांना झुकते माप देते. महाराष्ट्रातही मजूर सहकारी संस्था कायद्याने आहेत. परंतु पुष्कळ ठिकाणी कागदावर मजूर आणि गल्ल्यावर कंत्राटदार, अशी स्थिती दिसते. आपल्या पालकांत गवंडी आहेत, सुतार आहेत. माजी विद्यार्थ्यांत अभियंते आणि हिशेबनीस आहेत. त्यांनी अशी संस्था काढण्याचे मनावर घेतल्यास उरलुंगलच्या नियमांतील एक बाब आधी पाहावी: तेथे संचालक सभासद मजुरांतूनच निवडले जातात, आणि निवडून आल्यावरही ते रोज कामाच्या जागी हजर असतात.